बास्केटबॉलचे रेफ्री

बास्केटबॉलचा रेफ्री म्हणजे मॅच नियमात चाललीये की नाही हे बघणारा पंच, एवढं सांगून व्याख्या संपते, पण आजच्या खेळात त्याच्याकडून जे मागितलं जातं ते त्यात मावत नाही. २८ बाय १५ मीटरच्या कोर्टवर दहा जण पळत असतात, मोठ्या लीगमधले बरेचसे दोन मीटरच्या आसपास उंच, सारखे एकमेकांना घासतायत, आणि नियम असा की नुसता स्पर्श झाला म्हणून फाऊल होत नाही, त्या स्पर्शामुळे समोरच्याचा तोटा झाला किंवा त्याची जागा कुणी बळकावली तर होतो. म्हणजे प्रत्येक धक्क्याचा निकाल मनातल्या मनात लावायचा आणि बहुतेक वेळा शिट्टी वाजवायची नाही. लोकांना वाटतं रेफ्रीने बॉलवर लक्ष ठेवायचं असतं, खरं तर चांगला रेफ्री मॅचचा बराच वेळ बॉलकडे बघतच नाही.

कोण काय बघतं

ही वाटणी तशी जुनीच. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथने १३ नियम लिहिले तेव्हाच त्यात दोन माणसं होती. अंपायरने खेळाडूंवर नजर ठेवायची, फाऊल मोजायचे, फारच दांडगाई केली तर बाहेर काढायचं. रेफ्रीने बॉल बघायचा, तो कुणाचा, लाईनबाहेर गेला का, बास्केट झाली का, वर वेळही त्यानेच सांभाळायची. आज फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात एक क्रू चीफ आणि बाकीचे अंपायर अशी नावं आहेत, पण शिट्टी सगळ्यांची सारखीच चालते, आणि कुणी काय बघायचं हे आता पदावर नाही, त्या क्षणी कोण कुठे उभाय त्यावर ठरतं.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, बरीच वर्षं दोनच रेफ्री असायचे. १९७८-७९ ला तीन करून बघितले, पुढच्याच सीझनला परत दोन, आणि मग १९८८-८९ पासून तिसरा कायमचा आला. तिघांची रचना अशी असते: लीड बेसलाईनवर (बास्केटमागच्या लाईनवर), ट्रेल त्याच बाजूला मागे हाफ लाईनकडे, आणि सेंटर समोरच्या साईडलाईनला साधारण फ्री थ्रो लाईनच्या रेषेत. बॉल पलीकडे गेला की लीड बेसलाईनवरून सरकत बाजू बदलतो, लगेच सेंटरचा ट्रेल होतो आणि ट्रेलचा सेंटर, आणि हे चालू खेळात कुणीही न बोलता होतं. प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. बॉल दुसऱ्याच्या हद्दीत असला की आपण बास्केटखाली जागेसाठी कमरेने ढकलाढकली करणारे दोघे बघायचे, किंवा स्क्रीन लावणाऱ्याने (साथीदारासाठी डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहणाऱ्याने) शेवटच्या क्षणी खांदा बाहेर काढला का ते बघायचं. नवीन रेफ्रीला हे सगळ्यात जड जातं कारण डोळे आपोआप बॉलमागे जातात. तिघेही बॉल बघत बसले की मग रिबाउंडच्या वेळी (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडताना) कुणीतरी आडवा पडलेला दिसतो आणि ढकललं कुणी ते कुणालाच माहीत नसतं.

आपल्याकडच्या शाळा-कॉलेजच्या बऱ्याच मॅचेस अजूनही दोघांवरच चालतात, तिथे लीड आणि ट्रेल दोघांनाच अख्खं कोर्ट वाटून घ्यावं लागतं, पळणंही जास्त होतं आणि बॉलच्या पलीकडची बाजू थोडीफार रामभरोसेच राहते.

ब्लॉक की चार्ज

सगळ्यात जास्त भांडणं या कॉलवर होतात. ब्लॉक म्हणजे फाऊल डिफेंडरचा, चार्ज म्हणजे बॉल घेऊन घुसणाऱ्याचा. ड्राइव्ह करणारा (बॉल घेऊन बास्केटकडे घुसणारा) आणि डिफेंडर धडकले, दोघेही खाली, अर्धं स्टेडियम एक ओरडतंय आणि अर्धं दुसरं. नियम कागदावर सरळ आहे. डिफेंडरने समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून जागा घेतली की ती जागा त्याची, त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकला तरी चालतं (पूर्ण पुतळा झालं पाहिजे हा फारच पसरलेला गैरसमज आहे), हात सरळ वर असले तर त्याच्या डोक्यावरची हवासुद्धा त्याचीच. पण शूटरचे पाय जमिनीवरून सुटल्यावर त्याच्या वाटेत घुसायचं नाही. वर बास्केटखाली अर्धवर्तुळ आहे, फिबात १.२५ मीटरचं, एनबीएत चार फुटांचं, १९९७-९८ पासून, त्यात उभं राहून चार्ज मागता येत नाही.

आता हे सगळं बघायचं कधी? धडक झाल्यावर बघायला लागलात तर उशीर झालेला असतो. म्हणून शिकवलं जातं की ड्रायव्हरकडे बघू नका, डिफेंडरकडे बघा, तो तिथे कधी पोचला, पाय टेकले तेव्हा दुसऱ्याचे पाय कुठे होते, धक्का छातीला लागला की कडेला. प्रसंग सुरू कसा झाला, वाढला कसा, संपला कसा, तिन्ही टप्पे दिसले तरच शिट्टी. धापा टाकत पळताना नजर हलते म्हणून आधीच योग्य कोन पकडून निकालाच्या क्षणी स्थिर उभं राहायचं. दोघांच्या मधली फट दिसली पाहिजे. पाठीमागून बघणाऱ्याला प्रत्येक हाताने अडवलेला शॉट फाऊल वाटतो, आणि गॅलरीतल्या प्रेक्षकाला तर वाटतोच वाटतो.

पावलांचंही असंच. बॉल हातात कधी आला तो क्षण पकडला नाही तर ट्रॅव्हल (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं) मोजताच येत नाही. फिबाने २०१७ मध्ये पळता पळता बॉल घेणाऱ्याला झिरो स्टेप दिली, म्हणजे बॉल ताब्यात येताना जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नाही. तेव्हापासून साइडलाईनवरून "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल" ओरडणारे जुने कोच आणि शांत उभा रेफ्री हे दृश्य नेहमीचं झालंय, आणि बहुतेक वेळा रेफ्रीच बरोबर असतो.

थ्री पॉइंटने वाढवलेलं काम

एनबीएत थ्री पॉइंट (लांबच्या लाईनबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट) १९७९-८० ला आला, फिबात १९८४ ला, पण टीम्स त्यावर खरंच जगायला लागल्या ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत. रेफ्रीच्या बाजूने याचा अर्थ असा की पूर्वी गर्दी बास्केटखाली असायची, आता खेळ अख्ख्या हाफ कोर्टभर पसरलाय, आणि प्रत्येक लांबच्या शूटला तीन गोष्टी एकदम बघायच्या असतात, पाय लाईनवर होता का, हाताला लागलं का, आणि शूटर खाली येताना त्याच्या पायाखाली कुणाचा पाय आला का. तिसरी गोष्ट २०१७ च्या प्लेऑफ्सनंतर फार गंभीरपणे घेतली जायला लागली. गोल्डन स्टेटच्या झाझा पाचुलियाच्या पायावर, शूट करून खाली येणाऱ्या सॅन अँटोनिओच्या कवाय लेनर्डचा पाय पडला, घोटा मुरगळला आणि ती सिरीज तिथेच फिरली. त्यानंतर एनबीएने रेफ्रींना अशा फाऊलची रिप्लेवर तपासणी करून तो फ्लेग्रंट (जास्त कडक शिक्षेचा फाऊल) करायची मोकळीक दिली.

दुसऱ्या बाजूला शूटरही हुशार झाले. डिफेंडर मागे राहिला की मुद्दाम तिरपी उडी मारून त्याच्या अंगावर जायचं, हातात हात अडकवायचा, तीन फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता टाकायचे शॉट) घ्यायचे. २०२१-२२ पासून एनबीएने सांगितलं की असल्या हालचालींना बक्षीस नाही, उलट शूटरवरच ऑफेन्सिव्ह फाऊलही होऊ शकतो. म्हणजे आता उडी स्वाभाविक होती की नाटकी, हेही रेफ्रीनेच ठरवायचं!

घड्याळ

२४ सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शूट करावंच लागतं), हाफ लाईन पार करायला ८ सेकंद, शूट चुकून बॉल परत त्याच टीमकडे आला (ऑफेन्सिव्ह रिबाउंड) तर १४, हे सगळं टेबलवरचे लोक चालवतात पण चूक झाली की जबाबदारी रेफ्रीची. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिक फायनलइतकं याचं वाईट उदाहरण दुसरं नाही. तीन सेकंद बाकी असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून अमेरिकेला ५०-४९ असं पुढे नेलं, सोव्हिएत टीमच्या टाइमआउटवरून गोंधळ झाला, खेळ थांबला, फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स स्टँडमधून खाली येऊन तीन सेकंद परत द्या म्हणाले (त्यांना तसा अधिकारच नव्हता), त्यात घड्याळ नीट लागायच्या आतच बॉल आत टाकला गेला, भोंगा वाजला, अमेरिकेने जल्लोष केला, आणि मग तिसऱ्यांदा तेच तीन सेकंद खेळवले. या वेळी येदेश्कोने कोर्टभर लांब पास टाकला आणि बेलोव्हने बास्केट केली, ५१-५०. ब्राझीलचे रेफ्री रेनातो रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत ती नाहीतच.

आता मोठ्या लीग्जमध्ये रेफ्रीच्या कमरेला छोटं यंत्र असतं आणि शिट्टीचा आवाज पकडून ते घड्याळ आपोआप थांबवतं. शेवटच्या मिनिटात सेकंदाचे दशांश दिसतात, आणि ०.३ सेकंदापेक्षा कमी उरले असतील तर बॉल पकडून शूट करता येत नाही, फक्त हवेतल्या हवेत टॅप करता येतो. शिट्टीचीही गोष्ट आहेच. कॅनडाचे रॉन फॉक्सक्रॉफ्ट, १९७६ च्या ऑलिम्पिक फायनलचे रेफ्री, ब्राझीलमध्ये एका मॅचला त्यांच्या शिट्टीतला मणी अडकला आणि ऐन वेळी आवाजच फुटला नाही, प्रेक्षक खवळले. त्यातून त्यांनी मण्याशिवायची फॉक्स ४० काढली, १९८७ पासून ती जगभर पोचली आणि आपल्याकडे क्रीडा साहित्याच्या दुकानातही सहज मिळते.

रिप्ले

एनबीएत रिप्ले २००२ ला आला, २०१४ ला न्यू जर्सीत सिकॉकसला वेगळं रिप्ले सेंटर उघडलं, २०१९-२० पासून कोचला चॅलेंज (कॉल रिप्लेवर तपासायला लावणं) मिळालं आणि २०२३-२४ पासून पहिलं बरोबर निघालं तर दुसरंही. शिवाय २०१५ पासून घासून चाललेल्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांतले सगळे कॉल, न दिलेलेसुद्धा, तपासून दुसऱ्या दिवशी जाहीर होतात. कुठला नो-कॉल चुकला हे नावानिशी लिहिलेलं असतं. इतक्या उघड्यावर आपली चूक वाचायची सवय फार कमी नोकऱ्यांत करावी लागते.

पण रिप्लेने प्रश्न संपले नाहीत. २८ जानेवारी २०२३, बॉस्टन. लेकर्स आणि सेल्टिक्स १०५-१०५, शेवटचे सेकंद, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स लेअपला (बास्केटजवळून टाकायच्या शॉटला) वर गेला, सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, बॉल चुकला, आणि तिघांपैकी एकाचीही शिट्टी नाही. लेकर्सचाच पॅट्रिक बेव्हर्ली तर एका फोटोग्राफरचा कॅमेरा उचलून रेफ्रीला फोटो दाखवायला गेला आणि टेक्निकल फाऊल (वागणुकीबद्दलचा फाऊल) घेऊन परत आला. ओव्हरटाइममध्ये सेल्टिक्स १२५-१२१ जिंकले, नंतर रेफ्रींनी चूक मान्य केली. गंमत अशी की चॅलेंज वाजलेल्या शिट्टीलाच करता येतं, न वाजलेल्या शिट्टीला करताच येत नाही, त्यामुळे चुकीचा फाऊल सुधारता येतो आणि सुटलेला फाऊल बहुतेक वेळा सुटतोच.

डोकं थंड, हात स्वच्छ

खेळाडू-कोचशी बोलणं हा आता ट्रेनिंगचाच भाग आहे. दोन वाक्यांत कारण सांगायचं, वाद घालायचा नाही, आणि टेक्निकल रागात द्यायचा नाही. एप्रिल २००७ मध्ये जोई क्रॉफर्ड या अनुभवी रेफ्रीने बाकावर बसून हसणाऱ्या टिम डंकन या खेळाडूला बाहेर काढलं, तर एनबीएने क्रॉफर्डलाच उरलेला सीझन आणि प्लेऑफ्स घरी बसवलं. त्याच वर्षी टिम डोनेगीचं प्रकरण बाहेर आलं, स्वतः रेफ्री असून एनबीएच्या मॅचेसवर सट्टा लावायचा आणि आतली माहिती पुरवायचा, २००८ ला त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हापासून रेफ्रींवरची देखरेख फार कडक आहे. आणि पक्षपात फक्त पैशाचाच असतो असंही नाही. प्राइस आणि वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांच्या २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात रेफ्री आणि खेळाडू यांचा वंश वेगळा असला की फाऊल थोडे जास्त पडतात असं दिसलं होतं. एनबीएने ते मानलं नाही, पण २००७ ला या अभ्यासाची मोठी चर्चा झाली आणि त्यानंतरच्या आकड्यांत हा फरक दिसेनासा झाला, असं पुढच्या अभ्यासात निघालं.

बायकांना एनबीएत शिट्टी मिळाली ती १९९७ ला, व्हायोलेट पामर आणि डी कँटनर यांच्यापासून. पामर पुढे २०१६ पर्यंत होत्या.

भारतात

फिबाचं लायसन्स ठरावीक मुदतीचं असतं. राष्ट्रीय फेडरेशन नाव पाठवतं, मग नियमांची परीक्षा, फिटनेस टेस्ट, आणि इंग्रजीत बोलता येणं हेही लागतंच, कारण शेजारचा रेफ्री कुठल्याही देशाचा असू शकतो. मोठ्या पातळीचं काम जवळून बघायची संधी मुंबईकरांना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली, वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या टीम्स पेसर्स आणि किंग्ज दोन प्रीसीझन मॅचेस खेळले. त्यातली पहिली ओव्हरटाइममध्ये गेली आणि पेसर्सनी १३२-१३१ अशी एका पॉइंटने मारली. म्हणजे त्या तीन रेफ्रींना ४८ च्या जागी ५३ मिनिटं पळावं लागलं, तेही एसीत आणि लाकडी फ्लोअरवर. नागपाड्यापासून नागपूरपर्यंतचे आपले रेफ्री सिमेंटच्या कोर्टवर मे महिन्यात एका दिवसात अशा दोन-तीन मॅचेस काढतात, रिप्ले नाही, तिसरा जोडीदार नाही, आणि टेबलवर स्टॉपवॉच घेऊन बसलेला मुलगा कधीकधी यजमान कॉलेजचाच असतो.