श्रमसेवेतलं कार्ड आणि ‘वाल्डझे’चं कार्ड

१९४४ च्या उन्हाळ्यात बुडापेस्टमधल्या एखाद्या ज्यू घरात एकाच आठवड्यात दोन पोस्टकार्डं यायची शक्यता होती. एक श्रमसेवेत गेलेल्या मुलाचं, दुसरं गावाकडच्या बहिणीचं, ‘वाल्डझे’ नावाच्या ठिकाणाहून आलेलं. दोन्हींवर ओळखीचं अक्षर, दोन्हींत चार ओळी, दोन्हींत खुशाली. म्हणूनच आज दोन्ही सरसकट ‘छळछावणीतली पत्रं’ म्हणून दाखवली जातात. माझ्या मते ही गल्लत किरकोळ नाही.

हंगेरीने १९३९ च्या कायद्याने श्रमसेवा, म्हणजे लष्करातली शस्त्राविना सक्तीची मजुरी, सुरू केली. ज्यू पुरुषांना बंदुकीऐवजी फावडं मिळालं. पुढे अंगावर घरचेच कपडे, डोक्यावर लष्करी टोपी आणि दंडाला पिवळी पट्टी (धर्मांतर केलेल्यांना पांढरी) असा त्यांचा वेश झाला. १९४२ मध्ये हजारो जण दुसऱ्या हंगेरियन सैन्यामागे डॉन नदीपर्यंत गेले, तर १९४३ पासून काहींना सर्बियात बोरच्या तांब्याच्या खाणींवर धाडलं. थंडी, टायफस, पहारेकऱ्यांची मारहाण यांत माणसं हजारोंनी मेली. तरीही कागदोपत्री ती हंगेरियन लष्कराची होती, त्यामुळे त्यांची पत्रं लष्करी टपालाने जात. ठिकाणाचं नाव लिहायचं नाही, त्याऐवजी टपाल क्रमांक. वर सेन्सॉर. ‘मी ठीक आहे’ या वाक्यावर अर्थात विसंबून चालत नाही. वाचायच्या असतात त्या मागण्या. जो माणूस पुन्हा पुन्हा हातमोजे मागतो, त्याने थंडीचं सगळं सांगून टाकलेलं असतं, आणि त्यावर सेन्सॉरची कात्री चालत नाही. घरून उत्तर जाई, पार्सल जाई. मधल्यामध्ये ते लांबवलं गेलं नाही तर पोचेही. थोडक्यात, तुटकमुटक का होईना, तो पत्रव्यवहार होता.

‘वाल्डझे’च्या कार्डाची गोष्टच निराळी. १५ मे ते ९ जुलै १९४४ या काळात हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना हद्दपार केलं, बहुतेकांना थेट आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझी संहारछावणीत. तिथे पोचलेल्यांपैकी काहींच्या हातात कार्ड देऊन जर्मनमध्ये मोजकेच शब्द लिहून घेतले: सुखरूप पोचलो, काम मिळालं. ठिकाण म्हणून ‘वाल्डझे’, एखाद्या हवा खायच्या गावाचं वाटावं असं नाव. गठ्ठे एसएसमार्फत, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलामार्फत, बुडापेस्टला यायचे आणि शीप रस्त्यावरच्या ज्यू कौन्सिलकडून (जर्मनांच्या हुकमावरून नेमलेलं ज्यूंचं मंडळ) वाटले जायचे. कार्ड नातेवाइकांच्या हाती पडेपर्यंत लिहिणारे कितीतरी जण मारले गेले होते. कौन्सिलमधल्या फ्रॉयडिगर यांनी नंतर सांगितलं की एका कार्डावर ‘वाल्डझे’खाली आधी लिहून खोडलेल्या ‘आउशवित्झ’ या नावाची शेवटची अक्षरं दिसत होती.

ही युक्ती नवी नव्हती. टेरेझीन या चेक प्रदेशातल्या ज्यू वस्तीहून (घेट्टो) आणलेल्या कुटुंबांकडून बिर्केनाऊत मार्च १९४४ मध्ये कार्डं लिहून घेतली, त्यांवर २५ मार्चच्या आसपासची तारीख घालायला लावली. लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना ८ मार्चच्या रात्रीच गॅस चेंबरमध्ये मारलं.

अक्षर खरं होतं, आणि फसवणुकीची सगळी मदार त्यावरच होती. खोटं अक्षर आईने ओळखलं असतं. खऱ्या अक्षरावर शंका कोण घेणार? श्रमसेवेतल्या कार्डात लिहिणारा सेन्सॉरला चुकवून काही सांगू पाहतो; ‘वाल्डझे’च्या कार्डात मारणाराच लिहिणाऱ्याच्या हातून लिहितो. त्यामुळे पहिल्या कार्डात माणूस काहीतरी मागतो, काहीतरी विचारतो. दुसऱ्यात बहुधा फक्त कळवतो.

कार्ड समोर आलं तर भाषा, टपाल क्रमांक आणि प्रश्नचिन्ह, एवढं आधी बघावं.

१९४४ च्या वसंतात एक विचित्र उलथापालथही झाली. लष्कराचं बोलावणं आलेले कितीतरी तरुण त्याच बोलावण्यामुळे हद्दपारीतून सुटले. मरणाच्या वाटेवर धाडलेले मुलगे मागे राहिले आणि घरी सुरक्षित समजलेले आईबाप, बायकामुलं आउशवित्झला गेली. हे मुलगे लिहीत राहिले ते जुन्याच पत्त्यांवर. घरून पत्र का येत नाही, एवढं मात्र त्यांना विचारता येत होतं. त्यात सेन्सॉरला खोडण्यासारखं काही नव्हतं.