चालू मूत्रपिंडात डोकावताना

बायोप्सीची सुई मूत्रपिंडातून शेवईएवढा तुकडा काढते. तो फॉर्मॅलिनमध्ये पडतो, मेणात बसतो, कापला जातो, रंगवला जातो. पॅथॉलॉजिस्टला त्यातून पुष्कळ कळतं. पण मूत्रपिंडाचं कामच मुळी वाहतं: दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळायचा आणि दीड-दोन लिटर वगळता सगळा रक्तात परत घ्यायचा. काचपट्टीवर यातलं काहीच चालू नसतं.

चालू अवस्थेत बघावं, तर ऊतकात प्रकाश विखुरतो आणि चित्र धूसर होतं. यावरचा उपाय १९९० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दाखवला. इन्फ्रारेड लेसरचे दोन फोटॉन (प्रकाशकण) एकदमच चमकणाऱ्या रंगाच्या रेणूवर आदळले तरच तो चमकतो. एवढी दाटी फक्त लेसर जिथे एकवटतो त्या बिंदूपाशी (नाभीपाशी) होते, त्यामुळे तेवढाच बिंदू उजळतो. (ही शक्यता मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्येच कागदावर मांडली होती. लेसर यायला तेव्हा तीस वर्षं होती!)

इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तंत्र भूल दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडावर वापरलं. रक्तद्रवात चमकणारा रंग सोडला की तांबड्या पेशी त्यात काळ्या ठिपक्यांसारख्या पळताना दिसतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून पुन्हा सुरू केला, की काही केशवाहिन्यांत हे ठिपके रखडतात. गाळलेला द्रव परत शोषणाऱ्या नलिकांच्या पेशींची झालर तुटते, तुकडे आत अडकतात. मूत्रपिंड बिघडल्याची खूण म्हणून तपासलं जाणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र सावकाश चढतं.

डोळ्यांनी दिसलं म्हणजे वाद मिटला, असं मात्र नाही. २००७ मध्ये एका गटाने जाहीर केलं, की निरोगी उंदराच्या गाळणीतूनही रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा ३ टक्क्यांहून जास्त भाग निसटतो आणि नलिका तो परत घेतात. रूढ समजुतीच्या हे कित्येक पट होतं. खरं ठरलं असतं, तर लघवीतल्या प्रथिनांचा दोष गाळणीवरून नलिकांवर गेला असता. इतरांनी मोजलं तर आकडा फारच कमी आला. शेजारचं रक्त इतकं लखलखतं, की त्याचा भरकटलेला उजेडही ‘गळती’ म्हणून मोजला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो पटतो.

माणसांत अडचण खोलीची आहे. दोन फोटॉनांची ही पद्धत मूत्रपिंडात जेमतेम दीडशे मायक्रॉन (०.१५ मिलिमीटर) आत पोचते. म्हणून तर गाळण्या पृष्ठभागालगत असलेले म्युनिक-विस्टार जातीचे उंदीर निवडतात. प्रत्यारोपणाच्या वेळी दात्याचं मूत्रपिंड हाताशी असतं, तिथे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशावरून ऊतकाच्या आतलं चित्र काढणारी पद्धत, आजमावली गेली आहे. तिला रंग लागत नाही, सुईही लागत नाही. वरच्या थरातल्या नलिका मोकळ्या आहेत की सुजून बुजल्या आहेत, एवढं ती दाखवते.