‘कॉलेज टीम’ म्हणजे नेमकी कुणाची? बडोद्याच्या मुलींच्या यशाची पार्श्वभूमी

यंदाच्या हिवाळ्यात बडोद्यातल्या विद्यापीठाच्या एका फॅकल्टीच्या, म्हणजे विद्याशाखेच्या, मुलींनी एकही सामना न गमावता आंतर-फॅकल्टी बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, जिथे जिथे या मुलींची घरं आहेत तिथे ‘आपली कॉलेज टीम जिंकली’ अशीच बातमी पोचली. बोलताना हा शब्द खपून जातो. पण हे यश किती मोठं आणि या मुलींना एकत्र खेळायला पुढे वाट आहे की नाही, हे समजून घ्यायचं तर त्याच शब्दापाशी थांबावं लागतं. कारण पुण्या-मुंबईत ज्याला कॉलेज म्हणतात, ते इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जवळपास नाहीच.

१८८१ मध्ये इथे बडोदा कॉलेज निघालं. आज आर्ट्सचा म्हणून ओळखला जातो तो घुमट त्याच कॉलेजचा. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, ते मात्र गावोगावची कॉलेजं संलग्न करून नाही. असलेल्या संस्था पोटात घेऊन, स्वतः शिकवणारं विद्यापीठ म्हणून ते उभं राहिलं. बडोदा कॉलेजच्या आर्ट्स आणि सायन्स अशा फॅकल्टी झाल्या, कलाभवनाची टेक्नॉलॉजी झाली. ‘कॉलेज’ हे नाव पादरा गावातल्या कॉलेजाला, संस्कृत महाविद्यालयाला, अशा थोड्या ठिकाणी उरलं. लोकांच्या तोंडून मात्र ते कधीच गेलं नाही. माझी आजी शेवटपर्यंत ‘कॉलेजात गेलीय’ असंच सांगायची, आणि मी गेलेली असायचे फॅकल्टीत.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण खेळाडूची सगळी वाटचाल यावर ठरते. शेकडो संलग्न कॉलेजं असलेल्या विद्यापीठात कॉलेजचा संघ आधी आपल्या विभागात खेळतो, निवड होत होत विद्यापीठाचा संघ तयार होतो. बडोद्यात मधल्या पायऱ्याच नाहीत. आंतर-फॅकल्टी, त्यानंतर ट्रायल, आणि ट्रायलमधून थेट बारा जणींचा विद्यापीठाचा संघ. तो वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे गुजरातसोबत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, गोवा इथली विद्यापीठं असतात. म्हणजे एका शहरातल्या मोजक्या फॅकल्टींमधून निवडलेल्या मुली तीन-चार जिल्ह्यांतून वेचलेल्या मुलींसमोर उभ्या राहतात. जमेची बाजू एकच: आमच्या बहुतेक फॅकल्टी सायकलच्या अंतरावर आहेत. रोज संध्याकाळी एका कोर्टवर जमणं शक्य आहे, आणि या संघाने नेमकं तेच केलं.

खेळाच्या जुन्या इतिहासात फार शिरत नाही. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू झाला हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. आपल्याकडे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीला झाली. बडोदा तोवर कुस्ती-मल्लखांबाचं गाव म्हणून नावाजलेलं होतं. यंदाचा विजय समजायला खरी उपयोगी पडतात ती गेली पंचवीस वर्षं.

२००० मध्ये मी दुसऱ्या वर्षाला होते. तोपर्यंत वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ खेळायची आम्हाला सवय. बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला दहा सेकंद, बास्केट मारायला तीस. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियम बदलले: दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, दहाऐवजी आठ सेकंद, तिसाऐवजी चोवीस. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. कोर्टवर त्याने खेळाचा जीवच बदलला. आमची गार्ड बॉल टप्पे देत निवांत वर आणायची, बोटं दाखवून मूव्ह सांगायची, पोस्टवरची, म्हणजे रिंगजवळची, मुलगी जागा धरेपर्यंत थांबायची. हे सगळं एका मोसमात संपलं. हे सेकंद दाखवणारं घड्याळ, शॉट क्लॉक, आमच्याकडे नव्हतंच. टेबलावरचा मुलगा हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत ‘दहा... पाच...’ असं ओरडायचा, आणि त्या ओरडण्यानेच आमच्या हातून बॉल सुटायचा. आम्ही नवा नियम सोसला, त्याचा उपयोग करून घेणं आम्हाला जमलं नाही.

यंदाच्या मुलींना ते जमलं. त्यांचा सगळा खेळ त्या आठ सेकंदांवर उभा आहे. बास्केट झाली की परत पळायचं नाही, तिथेच फुल-कोर्ट प्रेस लावायचा, म्हणजे समोरच्या संघाला त्यांच्याच अर्ध्या कोर्टात अडवायचं. दोघी बॉलवाल्या मुलीला साइडलाइनकडे ढकलतात, तिसरी तिचा जवळचा पास बंद करते, चौथी मधली जागा धरून उभी, पाचवी एकटी मागे. ‘डावी! डावी!’ अशी मागून हाक आली की चौघी एकदम सरकतात. एका सामन्यात समोरच्या संघाला सलग तीन वेळा अर्धी लाइन ओलांडता आली नाही. मी बाहेर सिमेंटच्या पायरीवर बसले होते आणि माझ्याच गुडघ्यांना घाम फुटला होता.

त्या कोर्टवर वाकून पाहिलं तर हे सगळे बदल जमिनीवर वाचता येतात. तीन पॉइंटची लाइन १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत आली तेव्हा रिंगपासून ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये ती ६.७५ वर गेली. आमच्या वेळचा पिवळा कमान-पट्टा नव्या पांढऱ्या रेषेच्या आत अर्ध्या मीटरवर अजून पुसट दिसतो. रिंगखालचा जुना, खाली रुंद होत जाणारा चौकोनही नव्या आयताच्या दोन्ही बाजूंनी डोकावतो. नव्या मुली त्याला ‘भूत लाइन’ म्हणतात. त्यांच्यातली एक जण तीन पॉइंटचा सराव मुद्दाम नव्या लाइनच्याही एक पाऊल मागून करते.

मुलींच्या बाबतीत आणखी एका बदलाची म्हणावी तेवढी दखल घेतली गेली नाही. २००४ पासून महिलांसाठी सहा नंबरचा बॉल आला. त्याआधी आम्ही मुलांचाच सात नंबरचा बॉल खेळायचो. घेरात दोन-चार सेंटीमीटरचा आणि वजनात पन्नासेक ग्रॅमचा फरक. पण एका हाताने धावत्या पासचं बळ त्या पन्नास ग्रॅममध्ये आहे. प्रेसमधून बॉल हिसकावल्यावर या मुली ज्या झपाट्याने लांब पास टाकतात, तो आमच्या मनगटांना झेपलाच नसता.

आता वादाचा मुद्दा. विद्यापीठाचा संघ निवडताना दोन मतं कायम असतात. पहिलं मत असं की बारा सर्वोत्तम मुली घ्याव्यात, त्या कुठल्याही फॅकल्टीच्या असोत. उंची हवी, शूटर हवी, बॉल हाताळणारी हवी, आणि एकाच फॅकल्टीची गर्दी झाली तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला? दुसरं मत असं की जिंकलेल्या संघाच्या पाचजणी एकत्र ठेवाव्यात आणि उरलेल्या सात जागा इतरांमधून भराव्यात. पहिल्या मताला न्यायाचा आधार आहे, हे मान्य. फाइन आर्ट्समधल्या एखाद्या गुणी मुलीला केवळ तिच्या फॅकल्टीचा संघच उभा राहत नाही म्हणून बाहेर ठेवणं चूकच. तिच्यासाठी त्या सात जागा आहेत.

पण माझं मत स्पष्टपणे दुसऱ्या बाजूचं आहे. शूटर चार दिवसांत कुठल्याही संघात बसते. प्रेस बसत नाही. कोण कधी सरकणार, कुणाची हाक खरी मानायची, मागे एकटी राहिलेली मुलगी कधी पुढे येण्याचा धोका पत्करणार, हे पाच जणींच्या अंगात मुरायला अख्खा मोसम लागतो. ट्रायलमध्ये प्रत्येकीची ले-अप, रिबाउंड, फ्री थ्रो वेगवेगळे तपासले जातात. एकमेकींकडे न बघता सरकणं हा गुण मात्र एकेकटीला कोर्टवर उभं करून दिसत नाही. बडोद्यात निवडीसाठी मुली कमी आहेत. मोठ्या विद्यापीठांशी उंचीत आणि संख्येत आपण बरोबरी करू शकणार नाही. रोजच्या एकत्र सरावातून आलेली गोष्ट तेवढी आपल्याकडे जास्त आहे, आणि निवडीच्या वेळी नेमकी तीच मोडली जाते.

यात वेळेचंही गणित आहे. त्या पाचजणींपैकी तिघी शेवटच्या वर्षाला आहेत. परीक्षा झाल्या की एक पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं म्हणतेय, एकीच्या घरी नोकरीची बोलणी चालू आहेत. ट्रायल आता जवळ आल्या आहेत. तोवर त्या पाचही जणी संध्याकाळी साडेपाचला त्याच सिमेंटच्या कोर्टवर असतात. दिवे लागले की जुनी पिवळी लाइन दिसेनाशी होते आणि पांढरी तेवढी उरते. त्या तिथून प्रेस सुरू करतात.