शेवरोले सी-१० आणि स्पीकरच्या पाठीमागची हवा

शेवरोलेच्या सी-१० या अमेरिकन पिकअपची १९६७ ते १९७२ मधली पिढी आज तिथल्या हौशी लोकांच्या जिवाभावाची गाडी झाली आहे. शेतावर आणि बांधकामावर राबण्यासाठी बनलेली ही गाडी आता गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली जाते. इंजिन उघडून बांधलं जातं, गंजलेला पत्रा बदलतो, रंग चढतो. मग प्रश्न येतो गाण्यांचा. मूळ गाडीत रेडिओ घेतला असेल, तर डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला, मधोमध, काचेकडे तोंड केलेला एकच स्पीकर असायचा. दारांत स्पीकरची सोय नाही, आणि सीटच्या मागे जे आहे त्याबद्दल पुढे बोलूच.

अशा वेळी बहुतेक जण आधी स्पीकर निवडतात आणि मग तो बसवायचा कुठे ते शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. या केबिनमध्ये खर्ज ऐकू येईल की नाही हे स्पीकरच्या किमतीपेक्षा त्याच्या पाठीमागे किती हवा आहे आणि ती कुठे जाते यावर जास्त ठरतं.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पडदा एकाच वेळी दोन लहरी सोडतो, एक पुढे, एक मागे, आणि दोन्ही एकमेकींच्या बरोबर उलट. मागची लहर कडेने वळसा घालून पुढे आली की दोघी एकमेकींना खोडतात. उंच स्वरांना याचा फारसा त्रास होत नाही, कारण त्यांची तरंगलांबी छोटी असते. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १०,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, पण ५० हर्ट्झची जवळजवळ सात मीटर.

आता डॅशबोर्डमधला तो स्पीकर घ्या. त्याची पाठ डॅशबोर्डखालच्या मोकळ्या जागेत उघडी असते आणि ती जागा पायांपाशी केबिनलाच मिळते. समजा मागच्या लहरीला पुढे यायला ६० सेंटीमीटरचा वळसा पडतो. २८५ हर्ट्झच्या आसपास हे अंतर निम्म्या तरंगलांबीएवढं भरतं, तेव्हा उलटी निघालेली लहर सुलटी होऊन पोचते आणि आवाजात भर घालते. त्याखाली मात्र ही सवलत संपते. ५० हर्ट्झला ६० सेंटीमीटर म्हणजे तरंगलांबीचा अकरावा-बारावा भाग. मागची लहर जवळपास उलटीच येऊन पोचते आणि खर्ज खोडून टाकते. डबल बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. जुन्या डॅशबोर्डमधून तिचा मूळ स्वर ऐकू येत नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात आणि मेंदू त्यांवरून स्वर ओळखतो.

१९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरचा जो नमुना मांडला, त्याचेच वंशज आपण आजही वापरतो. पडद्याभोवती फळी लावून पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवायला हवी, हे त्यांच्याही कामात होतं. पिकअपमध्ये ही फळी कशाची करायची, एवढाच आपला प्रश्न आहे.

पहिला उमेदवार दार. दाराचे दोन पत्रे असतात आणि मधल्या पोकळीत कितीतरी लिटर हवा मावते. बेताच्या आकाराच्या स्पीकरला ही पोकळी जवळजवळ अमर्याद वाटते, म्हणजे मागच्या हवेचा त्याला अडथळा होत नाही. पण आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा दुरुस्त करता यावी म्हणून मोठाली भोकं ठेवलेली असतात आणि मागची लहर तिथूनच केबिनमध्ये शिरते. दारात महागडा स्पीकर बसवूनही आवाज पोकळ येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ती भोकं पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्यांनी आणि ब्यूटाइल रबराच्या चिकटपट्टीने बंद केली की त्याच स्पीकरमधून खर्ज भरीव येऊ लागतो. दाराच्या तळाची बारीक भोकं मात्र उघडीच ठेवायची. काचेच्या कडेने आत उतरणारं पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं. ती बुजली की दार आतून सडतं. त्याच पाण्यामुळे दारात साध्या कागदी पडद्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा पडदा बरा.

स्पीकर खोल किती आहे हेही आधी मोजावं लागतं. खाली उतरलेली काच चुंबकाला अडली की सगळी मेहनत वाया. म्हणून काच पूर्ण खाली करून पत्र्यापासून तिच्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि मगच स्पीकर पाहायचा.

तरीही जुन्या दारावर करवत चालवण्याआधी थांबावं असं मला मनापासून वाटतं. पन्नास वर्षं न कापता टिकलेला मूळ पत्रा एकदा कापला की तो गेला. आणि दुसरी जागा आहे: पायांजवळ, डॅशबोर्डखाली, केबिनच्या दोन्ही कडांना असणारे किक पॅनेल. बऱ्याच गाड्यांत तिथे बाहेरची हवा आत घेण्याची झडप असते, ती मात्र आधी बघून घ्यावी. या कोपऱ्यांत बसतील असे स्पीकरसह तयार साचे मिळतात, ते बसवायला दार कापावं लागत नाही.

किक पॅनेलची अडचण वेगळी आहे. तिथे जागा इतकी कमी की स्पीकरच्या मागे दोन-तीन लिटरच हवा उरते. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. एडगर विलचर या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये हाच गुण कामाला लावून एआर-१ हा छोट्या पेटीतला स्पीकर केला आणि त्या पेटीतून त्या काळी थक्क करणारा खर्ज काढला. त्यासाठी त्याने मुद्दाम अगदी सैल पडदा वापरला होता, कारण हवेची स्प्रिंग त्याला ताठपणा देणारच होती. आपण बाजारातला कुठलाही स्पीकर उचलून छोट्या डब्यात कोंबला तर परिणाम उलटा होतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित बसवून दिलं, म्हणून आज स्पीकरच्या माहितीपत्रकावर थील-स्मॉलचे आकडे छापलेले असतात. त्यांतले दोन इथे पुरतात: स्पीकरचा मोकळ्या हवेतला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला पडदा आपसूक सर्वांत जास्त डोलतो तो, आणि त्याच्या पडद्याच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा किती लिटर होते तो आकडा. समजा अनुनाद ६५ हर्ट्झ आहे आणि ती हवा ९ लिटर. डबा ३ लिटरचा असेल तर ९ भागिले ३ म्हणजे ३, त्यात १ मिळवून ४, त्याचं वर्गमूळ २. अनुनाद दुप्पट होऊन १३० हर्ट्झवर जातो आणि त्याखालचा खर्ज झपाट्याने ओसरतो. खरेदीआधी पाच मिनिटं हे गणित केलं तर पुष्कळ पैसे वाचतात.

मग किक पॅनेलचा फायदा काय? आवाजाची दिशा. अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो. दारातला डावा स्पीकर त्याच्या डोक्यापासून साधारण ७५ सेंटीमीटरवर असेल, तर उजवा सव्वा मीटरच्या पुढे. अर्ध्या मीटरचा हा फरक म्हणजे दीड मिलिसेकंद. जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेने तो आला असं मेंदू मानतो. हेल्मुट हास यांनी जर्मनीत १९४९ मध्ये केलेल्या अभ्यासामुळे या गुणाला त्यांचं नाव मिळालं आहे. त्यामुळे गायिका समोर उभी न वाटता डाव्या गुडघ्यापाशी बसल्यासारखी वाटते. किक पॅनेलमध्ये दोन्ही स्पीकर दूर जातात आणि अंतरांतला फरक तिसेक सेंटीमीटरवर, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या आसपास येतो. फरक पूर्ण मिटत नाही, पण गाणं काचेच्या दिशेने सरकतं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जवळच्या स्पीकरला थोडा उशीर देता येतो. तो चालकासाठी अचूक बसवला की शेजारी बसलेल्याचं गणित बिघडतं.

खर्जासाठी लोकांचं लक्ष शेवटी सीटच्या मागे जातं. इथे सावध राहायला हवं. या पिढीच्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीशीच असते. १९७३ च्या नव्या पिढीत ती बाहेर, चासीपाशी गेली. टाकीच्या आसपास ड्रिल चालवणं, तिच्यावर स्पीकरची पेटी टेकवणं, पेट्रोलच्या वाफा साठू शकतात अशा जागी ॲम्प्लिफायरचे सैल जोड ठेवणं, यांतलं काहीही करू नये. बरेच मालक टाकी मागच्या हौद्याखाली हलवतात. त्यानंतर तिथे अरुंद सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर, बसू शकतो. टाकी आतच ठेवायची असेल तर सीटखाली मावेल अशी चपटी बंद पेटी बरी.

खर्जाच्या बाबतीत छोटी केबिन एका अर्थाने सोयीचीही आहे. आतली रुंदी दीड मीटर धरली तर सुमारे ११५ हर्ट्झखाली लहरीचा अर्धा भागही आडवा मावत नाही. मग केबिनभर हवेचा दाब एकदमच कमी-जास्त होतो आणि खालचे स्वर आपोआप उचलले जातात. अट एकच, केबिन बंद हवी. जुन्या गाडीत दारांची रबरं कडक होऊन भेगाळलेली असतात, पुढच्या छोट्या तिकोनी काचा नीट मिटत नाहीत, फरशीत पेडलांभोवती फटी असतात. दाब तिथून निसटतो. म्हणून दारांची रबरं नवी घालणं हा मी आवाजाच्याच खर्चात धरते.

तसंच पत्र्याचं. मोठा, सपाट, पातळ पत्रा स्पीकरसोबत स्वतःही थरथरतो आणि वाजतो. ब्यूटाइलचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी असलेल्या पट्ट्या चिकटवल्या की पत्रा वाकताना मधला थर ताणला-घसटला जातो आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. बोटाने टिचकी मारून जिथे घंटेसारखा नाद येतो, तिथे पत्र्याच्या मध्यावर पट्टी लावावी.

चालत्या गाडीत याचा फायदा आणखी वाढतो. आठ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात चार वेळा पेटतं. मिनिटाला २,४०० फेरे असतील तर हा ठोका १६० हर्ट्झचा होतो, म्हणजे पुरुषी आवाजाच्या ऐन पट्ट्यात. शिवाय जाड आवाज आपल्यापेक्षा वरच्या स्वरांनाही कानात झाकतो. गोंगाटावर मात करायला वॅट वाढवणं हा महागडा मार्ग आहे. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. रेडिओच्या खोक्यावरचे ५० वॅट हा क्षणिक कमाल आकडा असतो. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टमधून, दोन्ही तारा उलटसुलट चालवणाऱ्या आतल्या ॲम्प्लिफायरने ४ ओहमच्या स्पीकरला सलग फार तर २६ वॅट देता येतात, प्रत्यक्षात विशीच्या आसपास.

दोन्ही तारा चालवल्या जातात म्हणूनच नव्या रेडिओच्या स्पीकरची कुठलीही तार बॉडीला जोडायची नसते. काही जुन्या रेडिओंत एक तार बॉडीलाच असायची. ते जुनं वायरिंग तसंच वापरलं तर नवा रेडिओ जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा ओढाव्यात.

सगळं बसवून झालं आणि खर्ज तरीही गायब असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागलेल्या असण्याची शक्यता मोठी. रेडिओपासून तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन तारेला लागलं की पडदा बाहेर यायला हवा. ज्या स्पीकरचा पडदा आत जातो, त्याच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात.