बंद सर्व्हरशी बोलण्याची वाट

मशीन रूममधला एखादा सर्व्हर रीतसर बंद केला आणि त्याच्या पंख्यांची घरघर थांबली, तरी मागच्या बाजूला वाकून पाहिल्यास नेटवर्कच्या एका सॉकेटजवळचा बारीक हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. प्लग लावलेलाच असतो आणि पॉवर सप्लाय मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या चिपला थोडीशी वीज अखंड पुरवत राहतो. या चिपला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. तो स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर, त्याची मेमरी आणि त्याचा नेटवर्क पत्ता सगळे स्वतंत्र असते, आणि पुष्कळदा त्यावर लिनक्सची आटोपशीर आवृत्ती चालते. पुण्यात घरी बसलेला माणूस रात्री दोन वाजता ऐरोलीच्या डेटा सेंटरमधला अडकलेला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करू शकतो, तो याच चिपच्या भरवशावर.

नेहमीचे दूरस्थ लॉगिन अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ते देणारा प्रोग्राम त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळले, डिस्क सापडेनाशी झाली किंवा नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलचा एखादा नियम चुकीचा लिहिला गेला, की दार आतून बंद होते. मग कन्सोल लागतो, म्हणजे यंत्र सुरू होत असल्यापासून ज्यावर आपले म्हणणे लिहिते ती जागा.

यासाठी आजही वापरात असलेली सिरियल जोडणी १९६० साली आलेल्या आरएस-२३२ या मानकातून आली आहे. तिचा प्रचलित वेग सेकंदाला ९६०० बिट एवढाच आहे. एका अक्षराला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० स्तंभ आणि २४ ओळींचा पडदा भरायला बरोबर दोन सेकंद जातात. वेग कमी असला तरी या तारेला नेटवर्क पत्ता लागत नाही, म्हणून इतर सर्व मार्ग बंद झाल्यावरही कर्नलच्या शेवटच्या ओळी तिच्यावरून बाहेर येऊ शकतात. अशा अनेक तारा एका कन्सोल सर्व्हरमध्ये आणून प्रत्येक ओळीची नोंद ठेवता येते. माझ्या मते टंकण्याच्या सोयीपेक्षा ही नोंद अधिक मोलाची आहे, कारण यंत्र पहाटे तीनला कोसळते तेव्हा पडद्यासमोर कोणीही बसलेले नसते.

या साध्या तारेतही एक खोच आहे. निवांत असताना तिच्यावर एक ठराविक व्होल्टेज असते. त्याच्या उलट स्थिती एका अक्षराच्या कालावधीपेक्षा जास्त वेळ टिकली, तर त्याला ब्रेक म्हणतात. सन कंपनीची स्पार्क यंत्रे ब्रेक मिळताच ऑपरेटिंग सिस्टिम जागीच थांबवून ‘ओके’ असे लिहीत आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत. अडकलेल्या यंत्रासाठी ही सोय उत्तम होती. परंतु काही कन्सोल सर्व्हरची वीज गेली वा आली, की तारेवरचे व्होल्टेज हलत असे आणि त्याला जोडलेली यंत्रे तोच ब्रेक समजून थांबत. म्हणून पुढे सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ब्रेकऐवजी एंटर, टिल्ड आणि कंट्रोल-बी असा क्रम निवडण्याची सोय देण्यात आली.

सुरुवातीला सांगितलेल्या कंट्रोलरला विजेच्या आज्ञा देण्यासाठी इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली आयपीएमआय हे मानक आणले. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमला ‘आवरून बंद हो’ अशी विनंती करता येते किंवा थेट वीज तोडता येते. विनंती आधी करावी, कारण मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवायला तिला वेळ मिळतो. कंट्रोलरच अडकला तर रॅकमधला पीडीयू, म्हणजे प्रत्येक सॉकेट स्वतंत्रपणे चालू-बंद करता येणारा विजेचा बोर्ड, कामी येतो. मोठ्या सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात आणि ते दोन वेगळ्या पीडीयूंना जोडलेले असतात, त्यामुळे एकच सॉकेट बंद केल्याने काहीच होत नाही. कोणत्या सॉकेटवर कोणते यंत्र आहे, हे साध्या पीडीयूला ठाऊक नसते; ते फक्त केबलवरच्या चिठ्ठीला आणि आपल्या यादीला ठाऊक असते. चिठ्ठी चुकली तर भलताच सर्व्हर बंद पडतो.

दुरुस्तीची वाट बिघडलेल्या गोष्टीवरून जाता कामा नये, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी साऱ्या जगाला दिसले. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळे तुटले. ती आज्ञा अडवायला हवी होती त्या तपासणी प्रोग्राममध्येच दोष होता. कंपनीच्या स्वतःच्या निवेदनानुसार मुख्य मार्गासोबत पर्यायी व्यवस्थापन मार्गही बंद होता, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले. त्यानंतरही सगळे एकदम सुरू करता येत नव्हते, कारण एकेका केंद्राचा वीजवापर दहा-दहा मेगावॅटच्या पटीत घसरला होता आणि तो अचानक परत चढला असता तर विद्युत यंत्रणेलाच धोका होता.

लहान संस्थेनेही कन्सोल सर्व्हरला दुसऱ्या मोबाइल कंपनीचे सिम असलेला ४जी मोडेम जोडावा. मात्र ही वाट उघड्यावर ठेवू नये. आयपीएमआयच्या २.० आवृत्तीत लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेला ठसा, विचारणाऱ्याच्या हाती पडतो, हे २०१३ साली उघड झाले. दोष मानकातच असल्यामुळे कंट्रोलरला इंटरनेटपासून वेगळ्या जाळ्यात ठेवणे भाग आहे. आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मुख्य नेटवर्कची केबल मुद्दाम काढून त्या मोडेमवरून ‘लॉगिन’ ही ओळ पडद्यावर येते की नाही, हे स्वतः पाहावे.