ड्रेडलॉक म्हणजे न धुतलेले केस? अजिबात नाही

जळगावात कुणी ड्रेडलॉक, म्हणजे दोरीसारख्या गुंफलेल्या केसांच्या लटा, लावून घरी आलं, की म्हातारी माणसं हमखास विचारतात, "माय वं, जट आली का?" पाठोपाठ सल्ला: असे केस धुवायचेच नसतात. साफ चूक! रोज ५० ते १०० केस गळतात. न विंचरता ते आतच गुंतले की जट होते. देवीचा त्यात काही संबंध नाही. ड्रेडलॉकचे एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचे केस, मात्र क्रोशाच्या बारीक सुईने आपल्याच केसांत गुंफतात. ते नियमित धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे, नाहीतर आत ओल राहून कुबट वास येतो. (मे महिन्यात खान्देशात वाळवायची चिंता कुणाला?) खरा धोका वेगळाच. जड, घट्ट लटा मुळं ओढतात आणि कपाळाकडचे केस विरळ होत जातात.