मुलांचा कॅन्सर आणि ताट: खारघरच्या आधीची गोष्ट

कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलाच्या पोटात काय जातंय, याकडे आपल्याकडे नीट लक्ष जायला फार उशीर झाला. तसं पाहिलं तर मुलांच्या केमोथेरपीचा उगमच आहाराच्या संशोधनात आहे, आणि तो धागा परळपर्यंत येतो.

ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात जीवघेणा ॲनिमिया होई, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे तिनं १९३१ मध्ये मांडलं. अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट, ब गटातलं एक जीवनसत्त्व. पुढे त्याचंच कारखान्यात बनलेलं रूप, फॉलिक ॲसिड, रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं गेलं, तर आजार उलट भडकतोय असं बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं. मग फोलेटची वाटच अडवली तर? भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या ज्या लेडर्ली औषध कंपनीत संशोधन करत होते, तिथं बनलेलं ॲमिनोप्टेरिन हे फोलेटला अडवणारं औषध फार्बर यांनी १६ मुलांना दिलं. दहा मुलांत सुधारणा दिसली, तात्पुरती का होईना. हे १९४८ साल. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही दिलं जातं. म्हणून ‘पोर अशक्त झालंय’ असं वाटून घरच्यांनी आपल्या मनानं फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नयेत.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ चं. त्याच्या संशोधन केंद्राचं बस्तान २००२ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला हललं, तेच अ‍ॅक्ट्रेक. या साठ वर्षांत औषधं वाढली. जेवण मात्र आईवर सोपवलेलं राहिलं. आणि ती आई बिहारहून किंवा विदर्भातून आलेली, हाताशी ना चूल ना ओळखीचा वाणी. मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनं राहण्याची सोय सुरू केली. त्यानंतर काही वर्षांनी कडल्स फाउंडेशननं सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलांत लहान मुलांसाठी आहारतज्ज्ञ नेमायला सुरुवात केली. माझ्या मते खरा बदल इथे झाला, कारण आहार हा दानाचा विषय न राहता उपचाराचा भाग झाला.

कुपोषित मुलाला केमो सोसत नाही. जंतुसंसर्ग लवकर होतो, डोस पुढे ढकलावे लागतात. नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. पोटातली मोठी गाठ किंवा सूज काटा फुगवते. त्यामुळे दंडाचा घेर पट्टीनं मोजतात. जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके ठाणे जिल्ह्यात होते तेव्हापासून तिथल्या कुपोषणाच्या बातम्या ऐकत आलेल्या आपल्याकडच्या लोकांना ही पट्टी अंगणवाडीमुळे माहीत आहे.

ताटाचा हिशेब मात्र आठवड्यागणिक बदलतो. स्टेरॉइड चालू असताना मूल रात्री दोनला उठून भात मागतं, आणि तेव्हा मीठ, साखर सांभाळावी लागते. तोंड आलं की पेज, मऊ खिचडी, थंड केलेलं नाचणी सत्त्व. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधानं पोट साफ होत नाही. ॲस्परॅजिनेज या दुसऱ्या औषधानं स्वादुपिंडाला सूज आली तर तूप-तेलावर बंधन येतं. गिळणंच बंद झालं तर नाकातून नळी घालतात. पालक तिला घाबरतात, पण ती वेळेवर घातली तर वजन टिकतं.